आईचा डबा पोलीस ठाण्यात

११ जानेवारी, मंगळवार
थंडी कडक. तीळ निवडून झाले, भाजायचे राहिले. देवकी सकाळी स्वयंपाकाला आलीच नाही. दहाला आली ती डोळे सुजवून. काल संध्याकाळी समारूला, तिच्या नवऱ्याला, पोलिसांनी गुढ़ियारीतल्या घरून उचललं. मालधक्क्यावर हमाली करतो. कुठल्या गोदामातून तांब्याची तार गेली म्हणे.
"काली ले कुछु नई खाय हे, दीदी." कालपासून काही खाल्लं नाही त्याने.
खिचडी टाकली. मेथीची भाजी, चार पोळ्या, गुळाचा खडा. स्टीलच्या डब्याची कडी मोडलेली, म्हणून आईचा पितळी डबा दिला. सांभाळून आण, म्हटलंच.
पोराचा, अ.चा, फोन आजही नाही. बापावर गेलाय. घुम्या.

१२ जानेवारी, बुधवार
देवकी आली, डबा नाही. समारूला भेटू दिलं नाही. शिपायाने फाटकातच डबा घेतला आणि आत नेला. ती अंधार पडेपर्यंत बाहेर बसून होती. उद्या आठवणीने आण, असं सांगितलं.
वाटाणे महाग.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
नानाभाऊजी तिळगूळ घ्यायला आले. ह्यांच्यामागे ह्या घराची पायरी न चुकता चढणारे एवढेच एक दीर. तहसिलीतून रिटायर झाले तरी बोलतात अजून फायलीसारखे.
डबा अजून नाही. आज देवकीला जरा लागेल असं बोलले. "तो माझ्या आईचा आहे, देवकी. ठाण्यात ठेवायला नव्हता दिला." ती पोळ्या लाटत राहिली. एकही धड फुगली नाही.
समारू आतच आहे. कोर्टात नेलं नाही, कागद नाही, काही नाही. देवकी काम उरकून रोज फाटकात जाऊन बसते.

१५ जानेवारी, शनिवार
समारू सुटला. सुटला म्हणायचं. पहाटे रेल्वे साइडिंगच्या बाजूला सोडून दिलं. तिथून सरपटत घरी.
दुपारी रिक्षा करून गुढ़ियारीला गेले. उजवं मनगट एवढं सुजलेलं. तळपाय बघवले नाहीत. मला बघून उठायला लागला. नमस्कार करायला गेला तर एकच हात वर आला.
आणि पहिलं वाक्य काय? "दीदी, तोर डब्बा उहें रहिगे." तुमचा डबा तिथेच राहिला.
परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, बाईजी तबीयत ठीक है ना.

१८ जानेवारी, मंगळवार
मनगट दोन ठिकाणी मोडलंय. सरकारी दवाखान्यात प्लास्टर.
देवकीला घेऊन ठाण्यात गेले, तक्रार द्यायला. तिथला कारकून, मुन्शी, वर न बघता: "कौन समारू? यहाँ कोई समारू आया ही नहीं." मी हटले नाही तेव्हा त्याने रोजनामचा माझ्याकडे फिरवला. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, सगळं त्या वहीत लिहायचं असतं. दहा तारखेपासून पंधरापर्यंतची पानं बघितली. चष्मा पुसून पुन्हा बघितली. नाव नाही.
पाच दिवस माणूस आत आणि कागदावर कुठेच नाही.
संध्याकाळभर बोर्डिंग आठवत होतं. सिस्टर बेनेडिक्टा रात्रीच्या जेवणाआधी हजेरी घ्यायची. एक जरी मुलगी "प्रेझेंट, सिस्टर" म्हणाली नाही, तर सगळ्यांनी ताटापाशी उभं राहायचं. एकदा लिली नावाची पोर पाण्याच्या टाकीमागे झोपून गेली होती. ती सापडेपर्यंत सूप गार झालं, कोणी चमच्याला हात लावला नाही. तेव्हा राग यायचा त्या बाईचा.

२२ जानेवारी, शनिवार
मानवाधिकार आयोगाला लिहायचं ठरवलं. दिल्लीला. नानाभाऊजी कपाळाला हात लावून:
"काहून पडता वहिनी या भानगडीत? आयोग कोणाले फाशी देत नाही. नुसतं विचारते. अहवाल मागवते, शिफारस करते. बस."
"मग विचारू दे ना. इथे विचारतंय कोण?"
चहा प्याले. मग म्हणाले, "दाखवा काय लिहिलं ते."
मी तीन पानं लिहिली होती. इंग्रजीत, सिस्टरने शिकवलेल्या तिरक्या अक्षरात. त्यांनी अडीच पानं खोडली. "रडगाणं नको. तारीख लिहा, वेळ लिहा, कोणतं ठाणं, कोणता हात. हे वाचणाऱ्यासमोर रोज असे ढीग असतेत." खोडलेल्यात माझी सगळ्यात सुंदर वाक्यं गेली. पण खरं आहे त्यांचं. उरलेलं अर्धं पान जास्त जोरात बोलतं.
समारूचा अंगठा घेतला. डावा.

२४ जानेवारी, सोमवार
रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोस्टातून येताना कुठल्याशा मंत्र्याच्या गाड्यांसाठी पंधरा मिनिटं रस्ता अडवला. रायपूर राजधानी झाल्याला पाचवं वर्ष लागलं. लाल दिवे आले, नव्या पाट्या आल्या. ठाणं जुनंच.

१७ मार्च, गुरुवार
आयोगाचं पत्र!
केस नंबर पडला. पोलीस अधीक्षकांना नोटीस, चार आठवड्यांत अहवाल द्या. मला प्रत. देवकीला वाचून दाखवलं. तिने फक्त समारूचं नाव कुठे छापलंय ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. हाताला कणीक होती. पत्राला डाग पडला. राहू दे.

९ एप्रिल, शनिवार
दोन शिपाई देवकीच्या पाऱ्यात, तिच्या वस्तीत, जाऊन आले. शेजारपाजारी विचारपूस, मोठ्या आवाजात. मालधक्क्याच्या ठेकेदाराने समारूला सांगितलं, हात बरा झाला तरी येऊ नको. तशी त्या हाताने पोती उचलली जाणार नाहीतच आता.
अ.चा फोन, बंगलोरहून. "आई, क्यों पंगा ले रही हो? अकेली रहती हो वहाँ." मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, हे आता नेहमीचं. म्हटलं, एकटी नाही राहत, देवकी असते. तर म्हणे, वही तो प्रॉब्लेम है. मी फोन ठेवला. त्याने परत केला, तोही ठेवला. चुकलं असेल. बघू.

१६ जून, गुरुवार
तीन महिने पोलिसांचं उत्तर नाही. आज आयोगाच्या स्मरणपत्राची प्रत आली. आता अहवाल आला नाही तर अधीक्षक साहेबांनी स्वतः दिल्लीला हजर व्हावं, अशा अर्थाचं वाक्य आहे. नानाभाऊजींनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून.
"अरे बापरे, वहिनी. कप्तान साहेबाले बोलावू शकतेत! मले वाटलं, नुसतं टपालखातं आहे."
मी म्हटलं, टपालखातंच आहे, पण उत्तर घेतल्याशिवाय जात नाही.

१९ जुलै, मंगळवार
अहवाल आला. आयोगाने प्रत पाठवली आहे: यावर तुमचं म्हणणं चार आठवड्यांत कळवा, नाहीतर उपलब्ध कागदांवरून प्रकरणाचा निकाल लावू.
पोलिसांचं म्हणणं असं: रोजनामच्यानुसार त्या काळात समारू नावाचा कोणीही ठाण्यात आणलेला नाही. ट्रकवरून माल उतरवताना पडून मनगटाला मार लागला. तक्रार "किसी महिला के बहकावे में" केलेली आहे.
ती किसी महिला मी. अठ्ठावन्न वर्षांची. बहकवण्याचं हेच वय.


२१ जुलै, गुरुवार
समारू आला. ओट्यावर बसला, आत येईना. "रहन दे दीदी. जौन होगे तौन होगे." जे झालं ते झालं म्हणतो. रस्त्यात हवालदार भेटला होता, त्याने सांगितलं की तारेच्या केसमध्ये नाव अजूनही घालता येतं.
देवकी आतून पोळपाट घेऊनच बाहेर आली. "मैं पाँच दिन फाटक म बइठे रहेंव. मोला घलो कोनो नई देखिन का?" मी पाच दिवस फाटकात बसले, तर मलाही कोणी पाहिलं नाही का? ती आत गेली. लाटण्याचा आवाज येत राहिला.
नानाभाऊजी म्हणतात, बायकोची साक्ष कोणी धरत नाही. पुरावा पाहिजे. कागद. त्याच दिवशीचा कागद.

२३ जुलै, शनिवार
पावसाने कपाटातली पुस्तकं दमट झाली, म्हणून बाहेर काढली. ही वहीसुद्धा. मागची पानं चाळत होते.
११ जानेवारी. १२. १४. "आईचा पितळी डबा दिला." "शिपायाने फाटकातच डबा घेतला." "समारू आतच आहे."
त्याच दिवशीचा कागद!
माझ्या क्षुद्रपणाने ठेवलेला. माणूस आत मार खात होता आणि मी रोज न चुकता डबा लिहीत होते. तो सुटल्यावर लाजेने डब्याचं नाव काढायचंच सोडलं. ठाण्यात गेले तेव्हासुद्धा विचारला नाही. अर्जात लिहिला नाही.
डब्यावर नाव आहे माझं. मी बोर्डिंगला निघाले तेव्हा आईने भांडेवाल्याला दारात बसवून तिन्ही पुडांवर कोरून घेतलं होतं. ठिपक्या-ठिपक्यांचं. "मालती. आईकडून." भांडेवाला म्हणाला, एकावर पुरे. आई म्हणाली, नाही, पुडं वेगळी होतात.

२४ जुलै, रविवार
नानाभाऊजींनी वही बघितली. वाचताना ओठ हलतात त्यांचे. मग: "झेरॉक्स काढू. पण हे अभयचं, दादाचं... घुम्या वगैरे. त्यावर कागदाची पट्टी ठेवून काढू. देवकीले बोलल्या तेही झाकू. काय म्हणतीन लोक."
मोह झाला. खरंच झाला. ही वही मी कोणाला दाखवायची म्हणून लिहीत नाही. ह्यांनाही कधी दाखवली नाही. दिल्लीच्या कोणा अनोळखी माणसाने वाचावं की मी संक्रांतीच्या दिवशी...
नाही. झाकलेली पानं ठाण्यातही आहेत. माझी पूर्ण जातील.

२५ जुलै, सोमवार
आज ठाण्यात गेले. नानाभाऊजी सोबत. रस्ताभर "काही बोलू नका, मी बोलतो" म्हणत होते.
बसायला सांगितलं नाही कोणी. मी भिंतीकडे बघत उभी. भिंतीवर मोठा बोर्ड, अटक केलेल्या माणसाचे अधिकार: घरच्यांना कळवावं, चोवीस तासांत कोर्टापुढे न्यावं, असं सगळं निळ्या अक्षरात. बोर्डाच्या खाली लोखंडी कपाट. कपाटावर जुन्या फायली, एक तुटका पंखा.
आणि डबा.
वरच्या पुडात साखर, चहाची. दुसऱ्यात काड्यापेट्या आणि पिना. तिसरं पूड बाजूला उपडं. कल्हई गेलेली, कडीला हिरवं चढलेलं. मी हात लावला. ठिपके बोटाला लागले. मा. ल. ती.
ठाणेदार तरुण आहे, अभयपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. "अरे माताजी, आपका है? ले जाइए, ले जाइए. इतनी सी बात!" शिपायाला म्हणाला, "साखर काढ, पिशवी दे माताजींना." हिंदीतच म्हणाला, मी आपली मराठीत लिहिते.
माझ्या हातात होता तो. छातीशी धरलेला. आईचा वास वगैरे काही नव्हता, साखरेचा आणि तेलकट धुळीचा होता. तरी.
मग म्हटलं, "रसीद दे दीजिए. किस तारीख को आया, किसके लिए आया, कौन लाया."
तो हसला. मी हसले नाही. तोही थांबला.
"रसीद किस बात की? पड़ा होगा कहीं से."
आणि मग आमचे नानाभाऊजी, जन्मभर साहेबापुढे वाकून उभे राहिलेले, पुढे झाले. "साहेब, पड़ी हुई चीज थाने में आए तो मालखाना रजिस्टर में चढ़ती है ना? चढ़ी है क्या? नंबर बता दो, हम चले जाते हैं."
ठाण्यात जमा वस्तूंची ती वही कोणी काढली नाही.
मी डबा परत कपाटावर ठेवला. जिथे होता तिथेच, बोर्डाखाली. साखर सांडली थोडी.
बाहेर आल्यावर नानाभाऊजी आधी पानठेल्यावर बसले. "वहिनी, मले पाणी द्या." मग पाणी पिता पिता हसायला लागले. "मालखाना रजिस्टर! हा हा! पोट्टा घाबरला का नाही?"
"घाबरला. तुम्हीही."
"मी तं मेलोच होतो."

२८ जुलै, गुरुवार
उत्तर पाठवलं. वहीच्या तिन्ही पानांची झेरॉक्स, न झाकता, मजकुराचं इंग्रजी करून. मूळ वही दाखवायला तयार आहे असं शपथपत्र. शपथपत्रात एक वाक्य मी हट्टाने ठेवलं, नानाभाऊजींनी खोडूनही: या नोंदी मी समारूच्या काळजीने केल्या नव्हत्या, डब्याच्या काळजीने केल्या होत्या. "असं स्वतःविरुद्ध लिहितं का कोणी?" म्हणे. म्हणूनच तर खरं वाटेल.
अभयला फोन करून सांगितलं की तुला घुम्या लिहिलंय आणि ते दिल्लीला गेलंय. मग हसू आल्यासारखा म्हणाला, "आई... घुम्या? अच्छा." आणि मग हळूच, मराठीत: "डबा आठवतो मला. शाळेत न्यायचो."
न्यायचा. खरंच. विसरले होते.

१४ सप्टेंबर, बुधवार
सकाळी फाटकाशी मोटारसायकल. शिपाई, नवा. हातात डबा.
कोणीतरी चिंचेने घासला होता. लखलखत होता. आईच्या हातूनही इतका निघायचा नाही. तिन्ही पुडं जागेवर, कडी सरळ केलेली. सोबत एक टाइप केलेला कागद: मेरा डिब्बा मेरे घर में ही मिल गया है, मुझे कोई शिकायत नहीं. खाली सहीपुरती जागा.
"माताजी, साइन कर दीजिए, डिब्बा ले लीजिए. आपका ही तो है."
"हो, माझाच आहे. म्हणून तर घेत नाही." मराठीतच निघालं तोंडातून. त्याला कळलं बहुतेक.
देवकी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. ती डब्याकडे बघत होती, मी कागदाकडे. घ्यावासा वाटला? वाटला. हात फाटकावरून पुढे गेला होता माझा. मागे घेतला.
त्याने डबा हँडलला अडकवला आणि गेला. वळणापर्यंत चमकताना दिसला.
नानाभाऊजी संध्याकाळी चिडले. "घेऊन ठेवायचा होता! पुरावा हाती आला असता. आता खारुन नदीत फेकतीन!" असेल. पण सही केल्याशिवाय तो देणार नव्हता. आणि सही केली असती तर डबा जानेवारीत माझ्या फळीवर होता, समारू कुठेच नव्हता, असं झालं असतं.
बरोबर केलं का? माहीत नाही. आयोगाला आजच सगळं कळवलं, तारीख-वेळेसकट. शिपायाच्या छातीवरचा नंबर देवकीने पाठ केला होता. तिला वाचता येत नाही, पण आकडे येतात, बसच्या नंबरांमुळे.

१० नोव्हेंबर, गुरुवार
पत्र. आयोगाचं तपास पथक रायपूरला येतंय. २१ला साडेदहा वाजता सर्किट हाउसला जबाब. तक्रारदार, साक्षीदार, मूळ वही घेऊन मी. ठाण्यालाही जाणार, मूळ रोजनामचा बघायला.
देवकीला सांगितलं. "हव," हो, एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने: "समारू ल मैं लानहूँ." समारूला मी आणीन.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
समारूचा काही भरवसा नाही. काल अभनपुरला बहिणीकडे निघून गेला होता, देवकी जाऊन घेऊन आली. हवालदार पुन्हा भेटला म्हणे. तो नाही आला तर माझी वही नुसती एका म्हातारीच्या डब्याची गोष्ट.
त्याला मी रागावू शकत नाही. मनगट त्याचं आहे.

२० नोव्हेंबर, रविवार
उद्या साडेदहा. वही पिशवीत. पत्रं क्रमाने लावली. नानाभाऊजींनी आपला इस्त्रीचा शर्ट आणून समारूला दिला, बाह्या लांब होतात.
दुपारी दोघंही इथेच होते. देवकीने विचारलं, डबा कपाटावर नसला तर? म्हटलं, मग ते विचारतील, कुठे गेला.
"अउ नई बताहीं त?" आणि नाही सांगितलं तर?
"मग पुन्हा विचारतील."
समारू अंगणात जांभळाखाली बसला होता. देवकी पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली, साहेबासारखी मान ताठ करून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघताना मला हसू आलं. "समारू!" तिने पुकारलं. त्याने नुसतं वर बघितलं. "अरे, नाव पुकारही त का कहिबे?" नाव पुकारलं की काय म्हणशील?
तो जमिनीकडे बघून पुटपुटला. ऐकू नाही आलं.
"समारू!"
"हाजिर."
"फाटक तक नई आवत हे."
फाटकापर्यंत येत नाही म्हणते. ती खरंच फाटकापर्यंत चालत गेली, तिथे पाठ टेकून उभी राहिली. ती पाच दिवस बसली होती त्या ठाण्याच्या फाटकाची आठवण मला झाली, तिला झाली की नाही माहीत नाही. तिथून पुन्हा पुकारलं.
समारू उठला. उजवा हात छातीशी धरून, नानाभाऊजींच्या लांब बाह्यांत.
या वेळी त्याचं हाजिर मला स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं.